मोबाइल रेडिएशन: फोन, टॉवर, ५जी आणि वाय-फायला नेमकं किती घाबरायचं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कुठला फोन घेऊ?" आणि दुसरा, "त्या रेडिएशनचं काय खरं आहे रे?" पहिल्याचं उत्तर दर सहा महिन्यांनी बदलतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे, पण ते एका वाक्यात देता येत नाही. "काही होत नाही, गप्प बसा" हे उत्तर अर्धवट आहे आणि "मोबाइल म्हणजे खिशातला एक्स-रे" हे साफ चुकीचं आहे.

या भीतीपायी लोक पैसे घालवतात, शेजाऱ्यांशी भांडतात, चांगलं नेटवर्क हातानं घालवतात आणि कधीकधी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणीही टाळतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिलाय.

घाई असेल तर एवढंच वाचा

- मोबाइल, टॉवर, वाय-फाय आणि ब्लूटूथच्या लहरींमध्ये डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. एक्स-रे आणि गॅमा किरणांमध्ये ती असते.
- मोबाइल लहरींचा नक्की सिद्ध झालेला परिणाम एकच आहे: जास्त ताकद असेल तर शरीर किंचित गरम होणं. सगळ्या मर्यादा त्यावरूनच ठरल्या आहेत.
- तुमच्या शरीरात जाणाऱ्या मोबाइल लहरींचा सर्वात मोठा वाटा समोरच्या टॉवरचा नसतो, तो कानाला लावलेल्या फोनचा असतो.
- रेंज जितकी कमी, तितका फोन जास्त ताकद लावतो. त्यामुळे टॉवर लांब गेला की फोनचं रेडिएशन वाढतं.
- अँटी-रेडिएशन स्टिकर, चिप, लॉकेट यांवर एक रुपयाही खर्च करू नका.

एकच शब्द, दोन वेगळ्या गोष्टी

गोंधळाचं मूळ शब्दात आहे. आपण सगळ्यालाच 'रेडिएशन' म्हणतो. हिरोशिमाचंही रेडिएशन, एक्स-रेचंही रेडिएशन आणि मोबाइलचंही रेडिएशन. मराठीत खरं तर वेगळे शब्द आहेत. अणूच्या केंद्रातून आपोआप कण आणि किरण बाहेर पडतात, तो 'किरणोत्सर्ग'. कुठल्याही लहरींच्या रूपात ऊर्जा पसरते, ते 'प्रारण'. बल्बचा उजेड हे प्रारण आहे, चुलीची धग हे प्रारण आहे आणि आकाशवाणीच्या लहरीही प्रारणच. पण बातमीत 'मोबाइल टॉवरचा किरणोत्सर्ग' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर थेट अणुभट्टी येते.

विज्ञानाच्या दृष्टीनं महत्त्वाची रेघ एकच आहे. अणूमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्या किरणांमध्ये आहे का? असेल तर ते आयनीकारक. ते डीएनएची साखळी तोडू शकतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गॅमा किरण, एक्स-रे आणि सूर्याच्या अतिनील किरणांचा वरचा भाग या बाजूला येतो. नसेल तर ते अनायनीकारक. साधा उजेड, उष्णता, मायक्रोवेव्ह, मोबाइल, वाय-फाय आणि रेडिओ या दुसऱ्या बाजूला येतात.

दोन्हींमधला फरक केवढा आहे ते आकड्यात पाहू. प्रकाश असो की मोबाइलची लहर, ऊर्जा छोट्या छोट्या पुड्यांमध्ये येते. एका पुडीला फोटॉन म्हणतात. इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासची पुडी लागते. आपल्याकडे ५जी ज्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, तिथल्या एका फोटॉनमध्ये सुमारे ०.००००१४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. म्हणजे जवळपास सात लाख पट कमी. झाडाच्या पानावरून डोळ्यात येणाऱ्या हिरव्या उजेडाच्या फोटॉनमध्येसुद्धा या ५जी फोटॉनपेक्षा दीड लाख पट जास्त ऊर्जा असते.

"पण असे कोट्यवधी फोटॉन एकत्र आले तर?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. इथे दहीहंडी आठवा. गोविंदा एकमेकांच्या खांद्यावर चढतात म्हणून हंडीपर्यंत पोचतात. फोटॉनना असे थर लावता येत नाहीत. प्रत्येकजण आपली उडी एकट्यानं मारतो. एक इंच उडी मारणारे कोटी गोविंदा आणले तरी हंडी जागच्या जागीच राहते, फार तर खाली धूळ उडते. ती धूळ म्हणजे उष्णता.

खऱ्या किरणोत्सर्गानं काय होतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराचं आहे. २०१० मध्ये तिथे एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकलेलं जुनं उपकरण पोचलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. ते तोडणाऱ्या आणि हाताळणाऱ्या लोकांना गंभीर इजा झाल्या आणि एकाचा मृत्यू झाला. या प्रकारच्या किरणांना घाबरायलाच हवं. मोबाइल त्या प्रकारात मोडत नाही.

एसएआर म्हणजे काय, आणि तुमच्या फोनचा किती?

उष्णता हा एकच सिद्ध परिणाम असल्यामुळे मोजमापही त्याचंच होतं. फोनच्या लहरींमधली किती ऊर्जा शरीराच्या एक किलो भागात दर सेकंदाला मुरते, याला एसएआर म्हणतात. एकक आहे वॅट प्रति किलो.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी मर्यादा आहे १.६ वॅट प्रति किलो, आणि तीही कुठल्याही एक ग्रॅम भागावर सरासरी काढून. अमेरिकेत हीच मर्यादा आहे. युरोपात २ वॅट प्रति किलो आहे आणि सरासरी दहा ग्रॅमवर काढतात. त्यामुळे आपली पद्धत जास्त कडक ठरते. अंदाज यावा म्हणून सांगतो: तुम्ही शांत बसलेले असताना तुमचं शरीर स्वतःच प्रत्येक किलोमागे साधारण एक ते दीड वॅट उष्णता तयार करत असतं.

स्वतःच्या फोनचा आकडा बघायला डायलरवर *#०७# टाइप करा. कॉलचं बटण न दाबताच बहुतेक फोनमध्ये माहिती उघडते. तिथे 'हेड' आणि 'बॉडी' असे दोन आकडे दिसतात. पहिला कानाला लावल्यावरचा, दुसरा खिशात ठेवल्यावरचा.

आता एक इशारा. दुकानात "या फोनचा एसएआर ०.६ आहे, त्याचा १.१, म्हणून हा दुप्पट सुरक्षित" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. चाचणीत फोन मुद्दाम पूर्ण ताकदीवर चालवतात आणि द्रव भरलेल्या मानवी डोक्याच्या साच्याजवळ धरून मोजतात. म्हणजे तो 'जास्तीत जास्त'चा आकडा असतो. रोजच्या वापरात फोन त्या ताकदीवर क्वचित जातो. ज्या फोनचा अँटेना चांगला आहे आणि जो कमी ताकदीत काम भागवतो, त्याचा कागदावरचा आकडा जास्त असूनही प्रत्यक्ष रेडिएशन कमी असू शकतं.

मर्यादा ओलांडली तर काय होतं, हेही एकदा दिसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेनं आयफोन १२ ची विक्री थांबवली. हातात किंवा पँटच्या खिशात असतानाचा एसएआर ५.७४ निघाला होता, आणि तिथली मर्यादा ४ आहे. अ‍ॅपलनं फ्रान्समधल्या फोनसाठी सॉफ्टवेअर अपडेट दिलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. कुठलाही पार्ट बदलावा लागला नाही. कारण फोन किती ताकदीनं बोलणार हे मोडेमचं सॉफ्टवेअर ठरवतं. पुढचा मुद्दा समजायला हे लक्षात ठेवा.

टॉवर: दिव्याखाली अंधार

"आमच्या गच्चीवरच टॉवर आहे, सगळं रेडिएशन आमच्याच डोक्यावर!" ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. पण टॉवरचा अँटेना टॉर्चसारखा असतो, तो बल्बसारखा चहूकडे फाकत नाही. त्याचा झोत जवळजवळ आडवा, थोडासा खाली झुकलेला असतो, म्हणजे लांबच्या फोनपर्यंत पोचावा म्हणून. थेट खाली फार थोडी ऊर्जा येते. शिवाय मध्ये स्लॅब असतो. दिव्याखाली अंधार ही म्हण टॉवरला तंतोतंत लागू पडते. झोतात कोण येतं? तर समोरच्या इमारतीतला, अँटेनाच्याच उंचीवर आणि अगदी जवळ असलेला मजला. तिथल्या लोकांनी मोजमाप मागणं योग्य आहे.

अंतराचा हिशोबही करून पाहू. समजा अँटेनाला २० वॅट दिले आणि झोत एका दिशेनं वळवल्यामुळे त्या दिशेत ते १,००० वॅटसारखे भासतात. झोताच्या बरोबर मधोमध, १०० मीटरवर, दर चौरस मीटरला ०.००८ वॅट पोचतात. अंतर दुप्पट केलं की हा आकडा चौथाई होतो. तुलनेला, दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट असतात.

मर्यादा किती? आंतरराष्ट्रीय संस्था आयसीएनआयआरपीनं ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटर ४.५ वॅट आणि १,८०० मेगाहर्ट्झला ९ वॅट अशी मर्यादा घातली होती. ती ठरवतानाच शरीरावर परिणाम दिसू लागण्याच्या पातळीपेक्षा ५० पट खाली धरली होती. भारतानं २०१२ मध्ये तिचाही दहावा भाग घेतला, म्हणजे ०.४५ आणि ०.९ वॅट. आपल्या वरच्या उदाहरणातला आकडा या कडक मर्यादेच्याही पन्नासाव्या भागाहून कमी आहे.

शंका असेल तर भांडण न करता तपासता येतं. दूरसंचार विभागानं २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे नकाशावर जवळचे टॉवर आणि त्यांची मर्यादा पाळल्याची स्थिती दिसते. फी भरून आपल्या जागेचं मोजमाप करून घेण्याची सोयही दिली आहे. पोर्टल सुरू झालं तेव्हा ही फी ४,००० रुपये होती. सोसायटीनं वर्गणी काढली तर एका घराला फार पडत नाही.

टॉवर हटवला, मग रेडिएशन कमी झालं का?

माझ्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी सांगितला जाणारा मुद्दा हाच आहे.

फोन आणि टॉवर सतत एकमेकांशी बोलत असतात. टॉवर फोनला सेकंदाला शेकडो वेळा सांगू शकतो, "आवाज कमी कर, मला ऐकू येतंय" किंवा "आवाज वाढव". याला पॉवर कंट्रोल म्हणतात. ४जी फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅट ताकद लावतो. टॉवर जवळ असेल आणि मध्ये भिंती नसतील तर तोच फोन याच्या हजाराव्या भागात काम उरकतो. बॅटरी वाचावी आणि एकमेकांच्या फोनला अडथळा होऊ नये म्हणून हे केलेलं असतं, पण त्याचा फायदा तुमच्या कानालाही होतो.

उलट, टॉवर लांब गेला की फोन ओरडू लागतो. आणि हा ओरडणारा फोन १०० मीटरवर नसतो, डोक्यापासून एक सेंटिमीटरवर असतो. पूर्ण ताकदीवरच्या फोनमुळे कानाजवळच्या भागात मुरणारी ऊर्जा त्या टॉवरच्या झोतापेक्षा कितीतरी पट जास्त असते.

माझ्या ओळखीतल्या एका सोसायटीत रहिवाशांनी सह्या गोळा करून गच्चीवरचा टॉवर काढायला लावला. नंतर मी तिथे गेलो तेव्हा काका लोक जिन्याच्या खिडकीत उभं राहून, फोन कानाला घट्ट दाबून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" करत होते. मी माझ्या फोनमध्ये सिग्नल पाहिला. बाल्कनीत उणे ८२ डीबीएम, आतल्या स्वयंपाकघरात उणे ११२. डीबीएमची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे हा ३० चा फरक म्हणजे सिग्नल १,००० पट कमी. ज्या रेडिएशनला घाबरून टॉवर काढला, ते आता प्रत्येकाच्या कानाशी आलं होतं. आणि रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर आतल्या खोलीतून १०८ ला फोन लागेल की नाही, ही खरी काळजी वेगळीच.

तुम्हीही हे बघू शकता. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. 'सिग्नल स्ट्रेंग्थ' दिसेल. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११० च्या पलीकडे असेल तर फोन घाम गाळतोय असं समजा. (उणे आकडा आहे, म्हणून ११० हा ९० पेक्षा कमकुवत.)

याचा अर्थ कोणीही कुठेही टॉवर ठोकावा असा नाही. इमारत वजन पेलेल का, परवानगी आहे का, डिझेल जनरेटरचा धूर आणि आवाज किती, हे प्रश्न खरे आहेत. ते जरूर विचारा. पण ते रेडिएशनच्या नावाखाली विचारू नका.

मग कॅन्सरचं काय? डब्ल्यूएचओनंच म्हटलं होतं ना?

३१ मे २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेनं मोबाइलच्या लहरींना '२ बी' गटात टाकलं. म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक'. ही बातमी खरी आहे. पण या गटांचा अर्थ नीट समजून घ्या. पुरावा किती पक्का आहे, एवढंच ते सांगतात. धोका किती मोठा आहे, हे सांगत नाहीत.

- गट १, पुरावा पक्का: तंबाखू, सुपारी, दारू, ऊन, बाहेरच्या हवेचं प्रदूषण.
- गट २ ए, बहुधा: लाल मांस, रात्रपाळी, ६५ अंशांपेक्षा गरम पेयं.
- गट २ बी, कदाचित: मोबाइल लहरी, कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क, पूर्व आशियातलं पारंपरिक भाज्यांचं लोणचं, आणि अशा ३०० हून अधिक गोष्टी.

२०११ च्या निर्णयामागे मुख्यतः १३ देशांतला 'इंटरफोन' अभ्यास होता, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण वापरकर्त्यांमध्ये मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. पण सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत, म्हणजे एकूण १,६४० तासांहून जास्त, ग्लिओमा या गाठीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. अडचण अशी की हे तास लोकांनी आठवून सांगितले होते, आणि काहींनी दिवसाला पाच तासांहून जास्त बोलल्याचं सांगितलं. आजारी माणूस कारण शोधत असतो, त्यामुळे त्याची आठवण एका बाजूला झुकू शकते, हे संशोधकांनीच नोंदवलं.

त्यानंतर बरंच काम झालं. डेन्मार्कमध्ये ३,५८,००० हून अधिक मोबाइल ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. ब्रिटनमध्ये सुमारे ७,७६,००० महिलांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. दोन्हींत मोबाइलमुळे मेंदूच्या गाठी वाढल्याचं आढळलं नाही. २०२४ मध्ये डब्ल्यूएचओच्याच सांगण्यावरून ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. निष्कर्ष तोच: मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसत नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास, संपूर्ण शरीरावर लहरी दिल्या. काही नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. पण त्यांना दिलेली ताकद माणसाला मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त होती, मादी उंदरांत तसं दिसलं नाही, आणि गंमत म्हणजे लहरी मिळालेले नर उंदीर न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. संशोधन चालू आहे आणि आयएआरसीनं हा विषय पुन्हा तपासावा अशी शिफारसही झाली आहे. विज्ञानात फेरतपासणी ही नेहमीची गोष्ट असते, तिचा अर्थ 'काहीतरी लपवलंय' असा होत नाही.

साधी गोष्ट बघा. १९९५ मध्ये भारतात पहिला मोबाइल कॉल झाला. आज जगात जवळपास प्रत्येकाच्या हातात फोन आहे. मोबाइल मेंदूचा कॅन्सर करत असता, तर जिथे जुन्या आणि पक्क्या नोंदी आहेत त्या नॉर्डिक देशांत आणि ऑस्ट्रेलियात आलेख वर चढताना दिसला असता. तो तसा चढलेला नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला एक चित्र फार खटकतं. टॉवरविरोधी अर्जावर सही करणाऱ्याच्या गालात तंबाखूचा बार असतो. गट १ तोंडात आणि गट २ बी विरोधात मोर्चा! राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली, म्हणजे टॉवरची मर्यादा कडक झाली त्याच वर्षी. टॉवरबद्दल अजून चर्चा रंगते, पुडी मात्र सहज मिळते.

५जी आणि करोनाची अफवा

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी टॉवर पेटवले, कारण ५जीमुळे करोना पसरतो ही अफवा. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत तोच मेसेज हिंदीत आणि मराठीत फिरला: "हे मृत्यू ५जी टेस्टिंगमुळे होत आहेत." दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला की देशात ५जीच्या चाचण्या सुरूच झालेल्या नाहीत. भारतात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला.

त्याच काळात अभिनेत्री जुही चावला यांनी ५जीविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. जून २०२१ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला आणि २० लाखांचा दंड केला. जानेवारी २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो २ लाखांवर आणला.

तांत्रिक बाजू अशी की ५जीचे ७०० मेगाहर्ट्झ आणि ३.५ गिगाहर्ट्झ हे पट्टे ४जी आणि वाय-फायच्या आसपासचेच आहेत. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा नवीन आहे, पण त्या लहरी त्वचेच्या वरच्या थरातच थांबतात आणि भिंतीतूनही नीट जात नाहीत.

स्टिकर, चिप आणि लॉकेट

मोबाइलच्या मागे चिकटवायचा 'अँटी-रेडिएशन' स्टिकर ९९ रुपयांपासून मिळतो. आता आतापर्यंत वाचलंत त्यावरून विचार करा. स्टिकरनं लहरी खरंच अडवल्या, तर रेंज जाईल आणि फोन आणखी ताकद लावेल. अडवल्या नाहीत, तर पैसे वाया. तिसरा पर्यायच नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सर्ग सुरक्षा प्राधिकरणानं अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. '५जीपासून संरक्षण' म्हणून विकलेली लॉकेट, कडी, अगदी लहान मुलांची ब्रेसलेटसुद्धा त्यात होती. तपासलं तर त्यांतूनच आयनीकारक किरण बाहेर पडत होते! सतत अंगावर घातल्या तर त्वचेला इजा होऊ शकते, म्हणून त्या वापरू नका असं सांगण्यात आलं. निरुपद्रवी लहरींना घाबरून लोकांनी खरा किरणोत्सर्ग गळ्यात घातला होता.

जिथे खरंच लक्ष द्यायचं

आयनीकारक किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून प्रत्येक माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.१ किंवा त्याहून कमी. छातीचा सीटी स्कॅन मात्र साधारण ६ ते ७. म्हणून:

- सीटी स्कॅन डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितला असेल तर टाळू नका. आजार न कळण्याचा धोका जवळपास नेहमीच जास्त असतो.
- जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा आणि नवीन डॉक्टरांना दाखवा. उगाच तीच तपासणी पुन्हा होत नाही.
- गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधी सांगा.
- सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये आयनीकारक किरण नसतात. "एमआरआयचं रेडिएशन" म्हणून ती तपासणी पुढे ढकलू नका.
- दुपारी तासन्‌तास क्रिकेट खेळताना टोपी घाला. ऊन गट १ मध्ये आहे.

फोन वापरताना एवढं करा

1. लांब कॉल असेल तर इअरफोन किंवा स्पीकर वापरा. डोक्यापासून थोडं अंतर ठेवलं तरी फरक खूप पडतो.
2. लिफ्ट, तळघर, घाटातली एसटी अशा कमी रेंजच्या जागी लांबलचक बोलू नका. मेसेज टाका.
3. घरात रेंज नसेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा. बॅटरीही टिकते.
4. उशीखाली फोन चार्जिंगला लावू नका. कारण रेडिएशन नाही, तापणारी बॅटरी आहे.
5. घरात कोणाला पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात नको.
6. गाडी चालवताना फोन नको. मोबाइलनं जीव जाण्याचा सर्वात सरळ मार्ग हाच आहे.

नेहमी येणारे प्रश्न

*रात्री वाय-फाय राऊटर बंद करावा का?* रेडिएशनसाठी गरज नाही. त्याची ताकद साधारण ०.१ वॅट असते आणि तो तुमच्यापासून काही मीटर लांब असतो. वीज वाचवायला किंवा रील्स थांबवायला बंद करत असाल तर उत्तम.

*ब्लूटूथ इअरबड्स थेट कानात असतात, ते जास्त वाईट नाहीत का?* नाही. ते साधारण काही मिलिवॅटवर चालतात, म्हणजे पूर्ण ताकदीवरच्या फोनच्या कितीतरी खाली. कानाला खरा धोका मोठ्या आवाजाचा आहे.

*मायक्रोवेव्हमधलं अन्न रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं का?* नाही. ओव्हन बंद झाला की लहरी संपल्या, दिव्याचं बटण बंद केल्यावर उजेड संपतो तसं. दाराच्या काचेतली जाळी लहरी आत ठेवते, कारण त्यांची लांबी १२ सेंटिमीटर आणि जाळीची भोकं मिलिमीटरची. दार वाकडं झालं असेल किंवा नीट बंद होत नसेल, तर मात्र आधी दुरुस्ती करून घ्या.

*"आज रात्री १२.३० ते ३.३० कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, फोन बंद ठेवा" हा मेसेज?* तोच मेसेज वर्षानुवर्षं तारीख न घालता फिरतोय, म्हणून त्याची 'आज रात्र' कधीच संपत नाही. अवकाशातून येणारे किरण चोवीस तास येत असतात आणि फोन बंद केल्यानं त्यांना काही फरक पडत नाही.

*आईबाबांना हे कसं समजावू?* वाद घालू नका. त्यांच्या फोनवर *#०७# टाका आणि आकडा दाखवा. मग सिग्नल स्ट्रेंग्थ उघडून घरभर फिरा आणि सर्वात चांगली रेंज कुठे मिळते ते शोधा. कॉल आला की त्या जागी बसून, स्पीकरवर बोलायचं, एवढं ठरवून टाका.